कोणाच्याही हाकेला ओ देणारी मोटर

माझा धाकटा भाऊ विहिरीत मेला तेव्हा त्याचा फोन माझ्या भावजयीच्या हातात होता. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून घडलं, म्हणून तीच आधी लिहिते.

त्याचं शेत बीबीजवळ. मी देऊळगाव राजात, एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. लग्न केलं नाही. माझ्या माणसांत तो, त्याची बायको आणि त्यांची मुलगी, एवढंच. त्याच्या विहिरीवर पाण्यात बुडवून ठेवायची मोटर होती. शेतातली लाइट कधी रात्री यायची, कधी पहाटे, आणि मोटर लावायला प्रत्येक वेळी शेतात जावं लागायचं. एकदा वाटेत साप आडवा गेला, तेव्हा त्यानं मोबाईल स्टार्टर घ्यायचं ठरवलं.

मोबाईल स्टार्टर म्हणजे मोटरच्या पेटीला जोडलेला एक लहान डबा. त्यात सिमकार्ड असतं. त्या नंबरावर फोन लावला की डबा फोन उचलतो, मोटर सुरू करतो आणि बाईच्या आवाजात सांगतो, 'मोटर चालू झाली आहे.' बंद करायची तर त्याच फोनवर एक आकडा दाबायचा. माणूस घरी खाटेवर बसून शेताला पाणी देऊ शकतो.

डबा घ्यायला तो माझ्याकडे आला, कारण दुकान आमच्या वाचनालयासमोरच होतं. मीही सोबत गेले. दुकानदाराची माल दाखवायची एक पद्धत होती. तो गिऱ्हाइकाला स्वतःच्या शेतातल्या मोटरचा नंबर सांगायचा आणि म्हणायचा, लावून पाहा.

"मॅडम, तुमच्याच फोनवरून लावा," तो मला म्हणाला. "जालना रोडले माझं वावर आहे. इथून चालू होते का नाही, स्वतः ऐका."

मी लावला. बाईचा आवाज आला, मोटर चालू झाली आहे. माझा भाऊ लहान मुलासारखा हसला. "ताई, तू तं शेटजीची मोटर लावली! आता त्याच्या वावराची मालकीण तूच."

दुकानदारही हसला. मी तो नंबर 'मोटरवाले' या नावानं साठवून ठेवला. वाचनालयात कोणाला ही गंमत दाखवता येईल म्हणून. माझ्यासारखी अनोळखी बाई दुसऱ्याच्या शेतातली मोटर सुरू करू शकते, याचं मला तेव्हा नवल वाटलं, भीती वाटली नाही.

काही महिन्यांनी भावानं सांगितलं की मोटर कधी कधी आपोआप लागते. सकाळी जाऊन पाहावं तर विहिरीकडचा भाग पाण्यानं भरलेला. त्यानं दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, "रेंजचा प्रॉब्लेम आहे. टॉवरचं काम चालू आहे ना." भावानं ते मानलं. विकणाऱ्याच्या शब्दावर आपण किती सहज विश्वास ठेवतो.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. मोटर आणखी खाली सोडावी लागणार होती. त्यानं फोनवरून मोटर बंद केली, भिजू नये म्हणून फोन बायकोकडे दिला आणि तो खाली उतरला. मेन, म्हणजे सगळी लाइट तोडायचा खटका, पलीकडच्या बांधावर खांबाजवळ होता. तो त्यानं पाडला नाही. पाडायला हवा होता, हे मी लपवत नाही. पण मोटर बंद होती. तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून केबल ओढत होता. दगडावर घासून केबलचं साल निघालेलं होतं. आणि मोटर लागली.

वरून भावजयीनं तो घुमणारा आवाज ऐकला. ती मेनकडे धावली. धावताना हातातला फोन विहिरीत पडला. तिनं मेन पाडला तोवर काही उरलं नव्हतं.

कागदावर तो अपघात ठरला. मोटर कोणी लावली, हे कोणी विचारलं नाही.

सावडायच्या दिवशी दुकानदार आला. पांढरा शर्ट घालून अंगणात बसला. दोन सुस्कारे टाकले. मग बाप्या माणसांकडे वळून म्हणाला, "डब्यात काही खोट नाही हो. मालकाच्या फोनशिवाय ती मोटर लागतच नाही. आता फोन कोणाच्या हातात होता..."

त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं गावानं पूर्ण केलं.

दहाव्यापर्यंत ते बोलणं गावभर फिरून आमच्या घरी परत आलं. पाण्याच्या टाकीवर बाया बोलत, "मुद्दाम नसंल केलं तिनं, पण अंगठा लागला असंल ना." वाचनालयात वर्तमानपत्राच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "बीबीकडे एका बाईनं नवऱ्याले मोटर लावून मारलं. चुकून हं, चुकून." मी त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मी कोणाची बहीण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

भावजय फोनला हात लावेनाशी झाली. मुलीनं फोन पुढे केला तरी ती उजवा हात पदराखाली घ्यायची. एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "ताई, खरं सांगा. लागला असंल का माझा अंगठा? मले तं आठवत नाही. दाबलं नाही असंबी आठवत नाही."

मी हळू तापणारी बाई आहे. पण त्या दिवशी तापले ती आजवर निवलेली नाही. भाऊ गेला त्याचं दुःख वेगळं. पण आपल्या दुकानासाठी एका माणसानं या बाईच्या उजव्या हातात नवऱ्याचा खून ठेवून दिला होता, आणि समोर बसून तो रोज नवे डबे विकत होता. तो माझ्या खिडकीतून दिसायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, लावून पाहा. मला त्याच्या तोंडून ते अर्धं वाक्य परत घ्यायचं होतं, आणि तेही चार माणसांसमोर. दुसरं काही नको होतं.

पण घेणार कशाच्या जोरावर? ते आपोआप समजलं. शेतातला डबा काढून आणला तेव्हा त्यातलं सिमकार्ड मी माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. भावाचं काहीतरी चालू असलेलं आपल्याजवळ असावं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवत असताना तो फोन वाजला.

"नमस्कार सर, तुम्हाला पर्सनल लोन मंजूर झालं आहे..."

मी घास तसाच हातात धरून बसले. हा नंबर कोणाचाच नव्हता. एका डब्याचा होता. संध्याकाळी परत वाजला. नागपूरला प्लॉट हवा आहे का. मग एक चुकून लागलेला माणूस, "पप्पू आहे का बे?" एवढे दिवस हे सगळे फोन डबा उचलत होता, आणि प्रत्येकाला एकच उत्तर देत होता.

मग मी डब्यासोबत आलेली पुस्तिका वाचली. असले कागद कोणी वाचत नाही, मी वाचते. पहिलं काम म्हणून लिहिलं होतं की मालकाचा नंबर डब्यात भरावा, म्हणजे बाकी कोणाच्या फोननं मोटर लागणार नाही. दुकानदारानं ते केलं नव्हतं. का केलं नव्हतं हेही मला कळलं, कारण तो स्वतःच कधीतरी भावाला सांगत होता की लोक सारखे सिम बदलतात आणि मग पंधरा कोसांवरून मलाच बोलावतात. आपल्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून त्यानं प्रत्येक शेताचं दार उघडं ठेवलं होतं.

भावाची मोटर त्या दिवशी नेमकी कोणाच्या फोननं लागली, हे मला कधीच कळणार नाही. कुठल्या तरी शहरात कानाला यंत्र लावून बसलेल्या मुलीनं कर्ज विकायला फोन केला असेल. तिला बाईचा आवाज ऐकू आला असेल आणि तिनं पुढचा नंबर लावला असेल.

मी बीबीला गेले आणि तो जुना फोन भावजयीसमोर पाटावर ठेवला. म्हटलं, "हा तुझ्या मोटरचा नंबर आहे. बस."

आम्ही दोघी बसलो. ती शेंगा फोडत होती. बऱ्याच वेळानं फोन वाजला, तसा तिचा उजवा हात पदराखाली गेला. मी तो स्पीकरवर टाकला. कोणीतरी विम्याबद्दल बोलत होतं. भावजयीनं ऐकलं. मी काही समजावलं नाही. तिनं उजवा हात पदरातून काढून पाटावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग रडली, मोठ्यानं, पहिल्यांदाच.

डोळे पुसून तिनं विचारलं, "त्या दुकानवाल्याले माहीत होतं?"

"हो."

"मंग त्याले सोडू नका, ताई."

त्या दिवसांत माझी नजरच बदलली. आमच्या वाचनालयात कॅमेरे आहेत, समितीचे लोक ते फोनवर बघतात. लावणाऱ्यानं दिलेला पासवर्ड कोणी बदलला होता का, असं मी विचारलं. कोणीच बदलला नव्हता. पासवर्ड वाचनालयाचं नाव आणि पुढे एक दोन तीन. म्हणजे आमचे वाचक, दुपारी एकट्या बसणाऱ्या मुली, मी स्वतः, त्या लावणाऱ्याच्या खिशात होतो. मी तो त्याच दिवशी बदलायला लावला. घरच्या टीव्हीचंही तेच केलं, कोणाकोणाचे फोन त्याला जोडलेले आहेत ते आधी पाहिलं. मालकाच्या हाकेला वस्तू ओ देते का, हे सगळे बघतात. परक्याच्या हाकेला देते का, हे कोणीच बघत नाही.

बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते. मी तोच दिवस निवडला. चार लोकांसमोर त्याची मोटर माझ्या फोनवरून लावून दाखवायची, एवढंच मनात होतं. तिथे पोचले तेव्हा एक शेतकरी त्याला म्हणत होता, "शेट, लावून तं दाखवा."

"आज नको, काका. आज पोरगा विहिरीत उतरलाय. पाणी आटलं ना, मोटर खाली सोडून राह्यला."

मी ते ऐकलं. असा योग देव देतो की दुसरं कोणी, मला माहीत नाही. मी पर्समधून फोन काढला, 'मोटरवाले' हे नाव उघडलं आणि फोन काउंटरवर त्याच्यासमोर धरला.

"मी दाखवते लावून," मी म्हटलं.

त्यानं नंबर पाहिला. मग मला पाहिलं. ओळखलं.

"मॅडम, फोन ठेवा."

"का हो? मालकाच्या फोनशिवाय मोटर लागतच नाही, असं तुम्ही आमच्या अंगणात बसून सांगितलं. माझ्या फोननं काय होणार?"

"मॅडम, गंमत करू नका."

"मेन पाडला असेल की त्यानं."

शेतकरी काका म्हणाले, "हाव, मेन तं पाडलाच असंल. घाबरता काऊन?"

दुकानदारानं घाईघाईनं मुलाला फोन लावला. विहिरीत रेंज नसते. तिकडून उत्तर आलं नाही. त्यानं परत लावला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मी तो घाम बघत होते. खरं लिहायचं तर मला तो बघावासा वाटत होता. माझा अंगठा हिरव्या खुणेवर होता. दाबावं असं वाटलं नाही, असं मी लिहिणार नाही.

"सांगा यांना," मी म्हटलं. "लागते की नाही?"

"लागते."

"कोणाच्या फोननं?"

"कोणाच्याबी." त्यानं फोन परत कानाला लावला. "कोणाच्याबी फोननं लागते. लॉक केला नाही मी. कोणाचाच केला नाही."

 मग काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मंग त्या बीबीच्या बाईच्या मांगं काऊन लागला होता बे?"

 गाडीची किल्ली घेऊन दुकानदार बाहेर पळाला. दुकान उघडंच होतं. गर्दीतले दोघे-तिघे आपापल्या घरी फोन लावू लागले. "विहिरीवर कोण हाय? वर बोलाव आधी. मेन पाड. काऊन म्हणजे? पाड म्हटलं ना!" मी फोन पर्समध्ये ठेवला आणि वाचनालयात जाऊन बसले.  मला बरं वाटत होतं.

त्याच्या मुलाला काही झालं नाही. 'कोणाच्याबी फोननं लागते' हे वाक्य मात्र बाजारातून बसनं बीबीला माझ्या आधी पोचलं. टाकीवरच्या बायांनी भावजयीला रांगेत पुढे बोलावलं. ती पुढे गेली नाही, आपला नंबर आल्यावरच तिनं पाणी भरलं.

पुढे तो गावोगाव फिरून डब्यांत नंबर भरू लागला, असं ऐकलं. त्याला कोणी भला म्हणतात. मी म्हणत नाही.

वर्षश्राद्धाला तो आला. दारात उभा राहिला, चपला काढाव्या की नाही अशा विचारात. ऊन रणरणतं होतं. मुलगी सवयीनं पाण्याचा तांब्या भरायला उठली. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी देतात. भावजयीनं तिच्या हातातून तांब्या घेतला, उजव्या हातानं, आणि परत माठावर ठेवला.

"चूक झाली, वहिनी," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "ताई, त्याले म्हना, तहान लागली असंल तं विहिरीवर जाय. मोटर लावाले नंबर हायच त्याच्याजवळ."

मी ते त्याला सांगितलं. शब्दन् शब्द, जसाच्या तसा. तो आला तसा गेला. आम्ही पंगत वाढायला घेतली.