आईच्या पानावरून मी काय काढलं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, दोन पेग पोटात गेल्यावरही नाही. आता सांगतोय, कारण परवा गावातल्या एकाने पुन्हा माझ्या पाठीवर थाप मारली — "नितेश, पुण्याचा काम करतंस बाबा" — आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर कशाला चिडू? त्याला काय माहीत?

मी राहनाळ गावचा. आमच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोदामात मी कॉम्प्युटरवर बसतो — कुठला माल आला, कुठला गेला. आई वारली तेव्हा दहाव्याला बायका ओटीवर बसून तिच्या गोष्टी सांगत होत्या. हसत होत्या, मधेच रडत होत्या. मला वाटलं, हे सगळं असंच विरून जाणार. म्हणून मी एक साधी गोष्ट बनवली. मोबाईलवर एक लिंक. उघडली की आईचा फोटो आणि खाली मोठं लाल बटण. बटण दाबायचं आणि बोलायचं, बस. पासवर्ड नाही, टायपिंग नाही. आमच्या मावश्या-काक्यांना लिहिता येत नाही, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. त्यांचा आवाज आधी माझ्याकडे यायचा. मी ऐकायचो आणि मग तो आईच्या पानावर सगळ्यांसाठी चढायचा.

माझ्यासाठी मात्र मी दोन जास्तीची बटणं ठेवली होती. 'ठेवा' आणि 'काढा'. कुणी चुकून भलतंच काही पाठवलं तर — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरंच तेवढ्यासाठीच ठेवली होती का? आज मी छातीवर हात ठेवून हो म्हणू शकत नाही.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. ती घरात फक्त बाबांना आणि मला माहीत होती — असं मी धरून चाललो होतो.

माझं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. डीजे, मांडव, गावभर मटण. मी मोबाईलवर डीजेवाल्याशी घासाघीस करत बसलो होतो, तेव्हा आई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "नित्या, छातीत काय तरी लागतंय रं. गाठीसारखा." मी मान वर केली नाही. "आई, लग्न होऊन जाऊ दे ना." एवढंच बोललो. बाबांनाही तिने सांगितलं होतं. ते म्हणाले, बाईमाणसाला काही ना काही होतच असतं. लग्न झालं. मग देवदर्शनं, मग पाहुणे, मग भातकापणी. मग एकदाचे डॉक्टर. डॉक्टरांनी आधी आईकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं — इतके दिवस काय करत होता?

काय करत होतो? नाचत होतो.

आता ताईचं. वनिताताई माझ्याहून मोठी, वज्रेश्वरीकडे दिलेली. आईचं पान तयार झाल्यावर मी तिला लिंक पाठवली. तिचा आवाज आला तेव्हा मी गोदामात होतो. कानात हेडफोन घातला. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात — "आय, मी वनिता. तू मना न्हाणीत गाठ दाखवलीस. म्हनलीस, बाबांना सांगितला, नित्याला पन सांगितला, दोघं बोलतात लगीन होऊ दे. हळदीला तू नाचलीस आय. हात वर करताना तुजा तोंड कसा व्हायचा, तो मी बघत होते. कुनी तुला डॉक्टरकडं नेला न्हाय. मी पन न्हाय नेला. मी पन तुजी गुन्हेगार हाय."

मी 'काढा' दाबलं.

विचार केला नाही. आणि खरं सांगू? मला तेव्हा वाईट वाटलं नाही, मला राग आला — ताईचा. गावासमोर घराची लाज काढतेय म्हणून. बाबा आजारी आहेत, त्यांना हे झेपणार नाही म्हणून. किती सोयीचे होते बाबा! तिने नाव माझंही घेतलं होतं, आणि मी बाबांच्या आड जाऊन लपलो. त्यात तिने स्वतःलाही सोडलं नव्हतं. तेच मला सहन झालं नसेल.

संध्याकाळी तिचा फोन. "नित्या, माझा बोलना दिसत न्हाय रं पानावर."

"नेट गेलं असेल. परत कर."

तिने परत केलं. तिच्या घरात रेंज नीट येत नाही, म्हणून ती रस्त्यावर, बस थांबते तिथे, जाऊन उभी राहिली. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि त्यात माझी बहीण मोठ्याने, लाज सोडून, आईची माफी मागत होती. मी तेही काढलं. तिने तिसऱ्यांदा केलं. तेव्हा तिचा आवाज थकला होता. तेही काढलं. मग तिला सांगितलं, "ताई, लांबलचक बोलणं जात नाही. छोटं काहीतरी बोल. चांगलं बोल."

असा काही नियम नव्हता. तो मी त्या क्षणी, तिच्यासाठी, बनवला.

ताई म्हणाली, "बरा."

चौथ्यांदा तिने आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीबद्दल सांगितलं. कशी पापुद्र्याची व्हायची, कशी चुलीवर फुगायची. मी लगेच 'ठेवा' दाबलं.

वर्षश्राद्धाला मांडवात स्पीकर लावून सगळे आवाज ऐकवले. भाकरीची आठवण लागली तेव्हा बाबा ढसाढसा रडले. काका म्हणाले, "वनितानं किती ग्वाड सांगितला!" लोक माझ्याजवळ येऊन हात धरत होते. मी हात धरू देत होतो. ताई हात धुवायच्या पिंपाजवळ उभी होती. मी तिकडे गेलो तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयला बोललेला गेला कुठं?"

"ताई, मशीन आहे ती. मशीनचा काय भरवसा?"

मशीन! ती बिचारी मी सांगितलं तेवढंच करत होती.

त्यानंतर लोक मागायला लागले. आमच्या वडिलांचं पान कर, आमच्या सुनेचं कर. जवळच्या नारपोलीत एका यंत्रमाग कारागिराचा भाऊ कारखान्यात शॉक लागून गेला होता. गेलेल्या भावाची बायको मला विचारत होती, "भैया, हम जो बोलेंगे वो सब रहेगा ना?" मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "सब रहेगा." तिने कारखान्यातल्या उघड्या वायरबद्दल सांगितलं, मालकाला आधी सांगूनही त्याने लक्ष दिलं नाही हे सांगितलं. तिचा शब्द न् शब्द मी ठेवला. दुसऱ्याच्या घरातलं खरं ठेवायला माझं काय जात होतं?

गेल्या वर्षी बाबा गेले. आता आड लपायलाही कुणी उरलं नाही. मी ताईकडे गेलो. तुम्हाला वाटेल, कबूल करायला गेलो असेन. नाही. ती अंगणात वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "ताई, मशीन आता सुधारली आहे. तुला आईबद्दल ते पहिलं बोलायचं होतं ना — परत कर." तेव्हाही मी खोटंच बोललो. समोर बसून, तिच्या हातचा चहा पिऊन.

तिने सोलणं थांबवलं नाही. "तुजी मशीन तवा पन चांगलीच होती, नित्या."

मी रिकामा कप खाली ठेवला.

"तीनदा सांगितला मी आयला. आता न्हाय सांगनार."

मग तिने विचारलं, जेवून जातोस का. मी नाही म्हणालो आणि बसने परत आलो.

आईचं पान अजून आहे. तिथे ताईची भाकरी आहे, काकांचं कौतुक आहे, मावशीची गाणी आहेत. माझाही आवाज आहे — आई किती सोसायची, कधी काही बोलायची नाही, असं मी त्यात म्हटलंय. ती बोलली होती. मला बोलली होती. ताईचे तिन्ही आवाज कायमचे गेले, मी त्यांची कॉपी ठेवली नव्हती. गाठीबद्दल त्या पानावर एक शब्द नाही.