डॉक्टरांनी मला झाडाखाली बसवलं

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ही फजिती सांगताना मला अजून संताप येतो!

बायको गेल्यापासून माझं बीपी खाली यायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या तरी किती वाढवू? रोज सकाळी दोन तास झाडांत जाऊन बसा. मोबाईल घरी ठेवा. आणि कुणाशी भांडू नका." चाळीस वर्षं वार्ताहर होतो हो मी! भांडायचं नाही तर करायचं काय?

तरी गेलो. लोहारा गावाच्या पुढं, टेकडीच्या पायथ्याशी एका मोहाच्या झाडाखाली बसलो. हवा छान, पाखरं छान. बोलायला मात्र चिटपाखरू नाही.

तेवढ्यात जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई, सीताबाई, बकऱ्या घेऊन आली.

"बाबाजी, इथं काहून बसले?"

"डॉक्टरांनी बसवलंय."

"मंग न्यायले कोण येते?"

"कोणी नाही येत."

"फोन?"

"आणू नका म्हणाले."

"घरी कोण हाय?"

"कोणीच नाही."

सांगा, यात एक अक्षर तरी खोटं आहे का? पण बाईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! सोडून गेले म्हाताऱ्याले!"

"मी पत्रकार आहे!" मी ओरडलो.

"हाव बाबाजी, असान. आधी भाकर खा."

बघता बघता अर्धा तांडा जमला. कुणी पाणी पाजलं, कुणी पाय दाबले. एकानं फोटो काढून पार पुसदपर्यंतच्या ग्रुपांवर टाकला: 'घर चुकलेले आजोबा. वय अंदाजे ऐंशी. काही आठवत नाही.' तीन वाक्यं, तीन चुका! मी एकाहत्तरचा! खवळून त्याच्याच मोबाईलवर मजकूर दुरुस्त करायला घेतला, तर सीताबाई हळूच म्हणते, "खेयू दे रे, मन रमते बिचाऱ्याचं."

दुपारी फोटो पाहून त्या फोटोवाल्याला डॉक्टरांचाच फोन आला, "अहो, त्यांना मीच बसवलंय तिथं!" तांड्यानं माफी मागत हात जोडले. मी प्रत्येकाला वेगवेगळं झापलं.

संध्याकाळी बीपी मोजलं. वर्षभरात इतकं छान नव्हतं! "पाहा, झाडांचा गुण!" डॉक्टर खूश.

दुसऱ्या दिवशी सीताबाई लांबूनच "राम राम साहेब" म्हणून निघून गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. झाड तेच, पाखरं तीच, बीपी मात्र पुन्हा चढलं.

परवा मी टेकडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. तिकडून डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी आली.

"कोठचे बाबाजी? नाव काय तुमचं?"

खोट्या बातमीवर जन्मभर तुटून पडलेला माणूस मी. चेहरा जमेल तितका भांबावलेला केला आणि म्हणालो, "आठवून नाही राह्यलं, माय."