शेवेची पुडी

"सेव काढा," मी म्हटलं, आणि पॅकिंग हॉलमधले सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी देवापुढचा नैवेद्य उचलायला सांगितला होता.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला आमचा नमकीनचा छोटा कारखाना. मी तिथली फूड टेक्नॉलॉजिस्ट. पाकिटात काय जाईल आणि ते किती टिकेल, हे बघणारी. नर्मदेला पूर आला होता. काठच्या एका गावातली माणसं शाळेच्या गच्चीवर अडकली होती. पाऊस थांबला होता, पण पूर उतरत नव्हता. भोवती पाणीच पाणी, पिण्याजोगा एक घोट नाही. आमच्या पॅकिंगमधल्या सुनीताचे वडील त्याच गच्चीवर होते. इंदूरची कापड मिल बंद पडल्यावर ते तिथे बहिणीकडे राहायला गेले होते. त्यांच्या किडन्या आधीच अधू होत्या, हे सुनीतानं मला सकाळीच रडत सांगितलं. मालक मोघेजींनी ते ऐकलं आणि पदरमोड करून खाण्याची पाकिटं पाठवायचं ठरवलं.

मी मोघेजींना केबिनमध्ये समजावलं. अशा वेळी पोटभर जेवण लागत नाही. धडधाकट माणूस अगदी थोड्या कॅलरीजवर बरेच दिवस तग धरतो. व्हिटॅमिन्सची चिंता नंतर करता येते. खरी अडचण पाण्याची. मीठ आणि प्रोटीन पोटात गेलं की त्यातलं नको ते किडनी लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्याला पाणी लागतं. प्यायला पाणी नसेल तर ते शरीरातूनच खेचलं जातं. म्हणून इमर्जन्सी रेशन म्हणजे मुख्यतः साखर, पीठ आणि तूप. तेवढं मिळालं तरी शरीर स्वतःचे स्नायू कमी जाळतं. थोडक्यात, बिनमिठाचे शंकरपाळे. आणि शेव म्हणजे बेसन, मीठ, तिखट. नको ते सगळं एका मुठीत.

"मॅडम, तुमचं सायन्स बरोबर असेल," मोघेजी म्हणाले, "पण बगैर सेव पाकीट गेलं तर लोक काय म्हणतील? इंदूरवाल्यांनी हे काय भेजलं?"

"म्हणू देत. पाणी पोचेपर्यंत सेव नको."

"पाण्याचे कॅन तर जातच आहेत ना."

माणूस मनानं मोठा. पण आमच्याकडे पोह्यांवर शेव, भाजीत शेव. शेवेशिवाय खाणं देणं म्हणजे भीक घालणं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. शेवटी शंकरपाळे जास्त आणि शेवेची एक लहान पुडी, अशी तोड निघाली. मला ती पटली नाही, पण मालक ते होते.

पहिल्या फेरीत बोटीतून पाकिटं गेली. कॅन दुसऱ्या फेरीत जायचे होते. मधेच वरच्या धरणातून पाणी सोडलं, प्रवाह वाढला आणि दुसरी फेरी फार उशिरा झाली. सुनीताच्या वडिलांना इंदूरला आणलं तेव्हा त्यांची लघवी जवळजवळ बंद झाली होती. डायलिसिस झालं, पण ते वाचले नाहीत.

मी भेटायला गेले. सुनीता हळूच म्हणाली, "मॅडम, मी बोटवाल्याकडे बाबांसाठी अलग थैली दिली होती. पूरी सेवच भरली होती. त्यांना आवडते म्हणून. त्यानंच झालं का?"

डॉक्टरांशी माझं बोलणं झालं होतं. अधू किडन्या, उकाडा, तहान. त्यात शेवेचा वाटा किती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण काहीच नव्हता, असंही ते म्हणाले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "पाणी नव्हतं, म्हणून झालं."

हे उत्तर अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिच्या पदरात टाकायची माझी हिंमत झाली नाही, आणि आजही होणार नाही.

शेवेची पुडी मोघेजींनी आपणहून बंद केली. आता कुठे पूर आला की आमच्याकडून आधी पाणी जातं, मग नुसते शंकरपाळे. पाकिटाला काही चव नाही, म्हणून लोक परत आल्यावर नावं ठेवतात. परत येऊन नावं ठेवतात, एवढं मला पुरतं.