सुरूच्या फांदीखालच्या काड्या

नाताळ जवळ आला, की मढच्या बाजूचं ते कौलारू घर अजून माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. वस्ती मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची. डिसेंबरात दारोदारी कागदी चांदण्या, घराघरांतून तळणाचा वास, आणि गस्तीला गेलं की कोणीतरी हातावर गोड ठेवायचंच. नोकरीतले ते दिवस फार चांगले गेले.

नाताळच्या सकाळी सगळी वस्ती चर्चमध्ये असताना त्या घराच्या पुढच्या खोलीला आग लागली. परतणाऱ्यांना धूर दिसला. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग पाणी मारलं. माणूस कोणी दगावलं नाही. खोली मात्र गेली.

आमचा पंचनामा चालू असतानाच शेजारची एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. पण धाकट्याला मागच्या दारानं जाताना बघितलं मी. घाईत होता."

घर दोन भावांचं. थोरला बायकापोरं आणि आईसह तिथं राहायचा. धाकटा भांडून पलीकडच्या गल्लीत राहायला गेला होता. वर्षभर बोलणं बंद. त्यात जळालेल्या खोलीत भिंतीलगत अर्धवट जळलेल्या आगकाड्या सापडल्या. थोरला म्हणाला, "आणखी काय पुरावा पाहिजे, साहेब? त्यानंच लावली."

धाकट्याला ठाण्यात आणलं.

"घरात गेला होतास?"

"गेलो होतो."

"कशाला?"

"आईला करंज्या ठेवायला. बायकोनं केल्या होत्या. तो घरात असताना कसा जाणार? तोंड दाखवू नको म्हणालाय ना मला."

"मग काड्या कुठून आल्या?"

"मला काय माहीत? मी विडीसुद्धा ओढत नाय. तुम्हाला लिहायचं ते लिहा, साहेब. फक्त आईला सांगू नका मी इथं आहे ते. ती जगायची नाय."

खोटं बोलणारा माणूस बहुधा जागेवर गेलोच नव्हतो म्हणतो. हा पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाला, हे मला खटकत होतं. पण समोर भांडण होतं, पाहणारी बाई होती आणि काड्या होत्या. घर जाळल्याचं कलम लागलं असतं, तर त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली असती. मी अटकेचे कागद तयार करायला घेतले.

दत्तजयंती नुकतीच झाली होती. ठाण्यातल्या दत्ताच्या तसबिरीवर दिव्यांची माळ अजून होती. ती अचानक विझली. "काडी सैल झाली असेल," म्हणत हवालदार उठले. त्यांनी बटण बंद केलं, काडेपेटीतल्या दोन काड्या काढून त्यांचे गुल मोडून टाकले, माळेच्या उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घातल्या आणि त्या पक्क्या बसाव्यात म्हणून वर काड्या ठोकल्या. बटण लावताच माळ पेटली.

"अहो, प्लग लावा की!"

"चार दिवसांची माळ, साहेब. प्लग कशाला?"

मी पेन खाली ठेवलं. "ती माळ काढा आधी. आणि जीप काढायला सांगा."

घरात जाऊन भिंत पुन्हा पाहिली. काड्या सापडल्या होत्या ती जागा बरोबर विजेच्या बोर्डाखालची. सॉकेट वितळलं होतं. त्याच्या एका भोकात काडीचा तुकडा अजून अडकलेला होता आणि त्याला तांब्याची तार चिकटली होती. बोर्डाला टेकूनच नाताळचं झाड म्हणून सुरूची फांदी उभी केलेली. पंधरवड्यापूर्वी तोडलेली, वाळून कडक झालेली, आणि बर्फ दिसावा म्हणून तिच्यावर कापूस पसरलेला. सैल तारेची एक ठिणगी त्या कापसाला पुरली होती. टेबलावर करंज्यांचा डबा होता, काळाठिक्कर.

थोरल्याला विचारलं, "माळ कोणी लावली?"

"मीच."

"प्लग होता?"

"तुटला होता. सणाचे चार दिवस, म्हटलं काड्यांवर..." तो भिंतीकडे बघत राहिला.

"निघताना बंद केली होती?"

"नाही. आल्याबरोबर पोरांना दिसावी म्हणून चालूच ठेवली."

त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. भाऊ समोर आला, तेव्हा धाकटाच म्हणाला, "काय रे, लावली ना मी आग?"

थोरल्याची मान वर होईना. म्हणाला, "तुझ्या बायकोच्या करंज्या पण जळल्या रे."

"मग परत पाहिजेत तर मागायला घरी ये. आईला घेऊन ये."

विद्युत निरीक्षकांच्या अहवालातही पुढे तेच कारण आलं. पंचनाम्यात आम्ही काड्या लिहिल्या त्या खऱ्याच होत्या. पण भावांचं भांडण आधी कानांवर पडलं होतं, म्हणून त्या आम्हाला आग लावणाऱ्याच्या वाटल्या. त्यानंतर कुठल्याही जागी गेलो, की कोणाचं कोणाशी पटत नाही हे विचारण्याआधी मी ती जागा नीट पाहून घ्यायचो.

आता बोरिवलीत राहतो. नातवंडांसाठी नाताळात छोटं झाड सजवतो, दिवाळीत कंदील लावतो. माळ घेताना प्लग आणि वायर तपासतो. एका माळेला दुसरी जोडत नाही, दिव्यांजवळ कापूस ठेवत नाही. बाहेर निघताना बायको कुलूप लावून लिफ्टपाशी पोहोचलेली असते.

"अहो, चला की! नुसती माळ तर आहे."

मी तिच्याकडून किल्ली घेतो, आत जातो आणि बटण बंद करून येतो.