क्रूस काढलेले दोन कॅन

“अरे काय घातलं मी मटणात? काय भरलंय ह्या कॅनमध्ये?” आत्या स्वयंपाकघरातून ओरडत होती. त्या आवाजाने चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली ती थेट राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन बसली, असं भुईगावात कोणालाही विचारा. मी धावलो. रविवारच्या डुकराच्या मटणावर तिने माडीचा शिरका, म्हणजे ताडीचं व्हिनेगर, समजून वाटीभर काहीतरी ओतलं होतं. पातेल्यातून असा भपकारा आला की दारातलं मांजर उलट्या पावली निघून गेलं.

ती पप्पांची लघवी होती. दहा दिवसांची शिळी.

झालं होतं ते असं. पप्पांचे पाय सुजायला लागले होते. किडनीतून प्रोटीन गळतंय का ते बघायला डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. विरारला नवीन लॅब निघाली होती. तिथे म्हणे परदेशी मशीन आलंय, थेंब टाकला की माणसाची सात पिढ्यांची कुंडली छापून देतं. लघवीचा कॅन फ्रिजमध्ये ठेवायला आत्याने साफ नकार दिला, म्हणून तो कोठीतल्या गारव्यात राहिला, तिच्या शिरक्याच्या कॅनशेजारी. शिरका नासू नये म्हणून आत्या कॅनवर कोळशाने क्रूस काढायची आणि झाकणावर फडकं बांधून तीन गाठी मारायची. पप्पांनी हे जन्मभर पाहिलेलं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्यांनीही आपल्या कॅनवर गुपचूप क्रूस काढला आणि फडकं बांधलं. मी सकाळी स्कूटरला एक क्रूसवाला कॅन लटकवला आणि निघालो.

चौथ्या दिवशी जाड, चकचकीत कागदावर रिपोर्ट आला. प्रोटीन नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, सगळं नॉर्मल. डॉक्टरही म्हणाले, मग काळजी नाही. पप्पांनी त्या दुपारीच मीठ सोडण्याचं व्रत मोडलं. सुके बोंबील काय, कैरीचं लोणचं काय, खारवलेलं जे जे घरात होतं त्यावर त्यांनी सहा दिवस ताव मारला. पाय मात्र असे फुगले की चपलांचे पट्टे तुटले.

आता पातेल्यासमोर उभं राहून मला उमजलं: विरारला गेला होता तो शिरका. आणि आमच्या शिरक्याच्या किडन्या ठणठणीत निघाल्या होत्या.

मटण चिकूच्या झाडाखाली पुरलं. ते झाड पुढे दोन वर्षं फळलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच विरारला पोचलो.

त्या लॅबमध्ये देवळासारख्या चपला बाहेर काढायला लावत. काचेमागे मशीन होतं, त्याला झेंडूचा हार. काउंटरवरच्या टायवाल्याला मी म्हणालो, तुम्ही तपासलंत ती लघवी नव्हतीच. तो डोळे मिटून म्हणाला, कम्प्युटर चुकत नसतो. मग मी आत घुसलो. मागच्या मोरीत कॅनांची रांग लागली होती. एक पोरगेला माणूस एकेका कॅनचं झाकण काढून सरळ बेसिनमध्ये ओतत होता. वास असा की डोळ्यांना धारा लागल्या. लोकांच्या आया, बाप, गर्भार बायका, सगळ्यांची आजारपणं त्या एका भोकातून खाली चालली होती, आणि बाहेर प्रिंटर करकरत नॉर्मल, नॉर्मल छापत होता.

रांगेच्या टोकाला आमचा कॅन होता. कोळशाचा क्रूस. फडक्याच्या तिन्ही गाठी आत्याने मारल्या तशा. थेंबभरही बाहेर आला नव्हता.

मी टायवाल्याला काय काय बोललो ते इथे लिहिलं तर कागद विटेल. काचेमागे जाऊन मी मशीनची वायर ओढली. ती कशालाच जोडलेली नव्हती. कॅन उचलला आणि घरी आलो. ओटीवर पप्पा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं: शिरका, गाठी, बेसिन, हार घातलेलं मशीन. त्या रिपोर्टवर भरवसा ठेवून खाल्लेल्या बोंबलांचं मात्र सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तो भरून यायची आम्ही दोघे वाट बघत बसलो. तो भरला नाही.

“दुसरा कॅन आण,” पप्पा म्हणाले. “ह्या वेळी क्रूस नाही काढत.”