मालकिणीवाचून अडलेली गाडी

मोटारसायकलवर नेपाळला जायचं म्हणून वडवणीच्या बाजारात कुणी म्हाळूला गाठलं, तर तो रस्ता सांगतच नाही. आधी विचारतो, "गाडी कुणाच्या नावावर हाय बे?"

हे शहाणपण त्याला सोनौलीच्या सीमेवर आलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला हा गडी पशुपतिनाथाला निघाला तेव्हा तयारी झकास होती. ट्रकवर देश फिरलेल्या सटवानं सांगितलं तसं त्यानं सीमेवर नुसतं आधार चालत नाही म्हणून जोडीला मतदान कार्ड घेतलं. तिकडं मोठ्या नोटा घ्यायला कुरकुरतात म्हणून पाचशेच्या नोटा मोडून शंभराच्या केल्या, तीन खिशांत वाटून ठेवल्या. रस्त्यात पैसे बदलून देणाऱ्याकडं ढुंकून बघायचं नाही, हेही ठरलं. बायको सारजाबाई "मी बी येते" म्हणाली, तेव्हा मात्र "बाईमाणसाला झेपणार न्हाई" म्हणून यानं हात झटकले.

पाचव्या दिवशी नेपाळच्या बाजूला भन्सारच्या खिडकीशी उभा राहिला. भन्सार म्हणजे आपली गाडी तिकडं जितके दिवस राहणार, तितक्या दिवसांची भरायची रक्कम. बाबूनं गाडीचा कागद उलटापालटा केला.

"यह सारजाबाई कौन है?"

"हमारीच हाय."

"कहाँ है?"

"घर पे. बकरी के पास."

म्हाळूच्या घरात मेंढ्या बाप्याच्या, शेळ्या बाईच्या. गाडी शेळ्या विकून आलेली, म्हणून कागद सारजाबाईच्या नावाचा. यात कुणालाच कधी वावगं वाटलं नव्हतं. बाबूला वाटलं. मालकीण हजर करा, नाहीतर तिच्या सहीचं पत्र आणा, म्हणाला.

म्हाळूनं फोन लावला. "आपल्या लखनकडून पत्र लिहून घे, सही कर अन् पाठव."

"कावून?"

"गाडी अडवली गं."

"माजी गाडी? मग मीच येते की सोडवायला."

"अगं, दीड हजार किलोमीटरच्या वर हाय!"

"तुमाला झेपलंच न्हवं?"

लखननं आईला मनमाडहून गोरखपूरच्या रेल्वेत बसवलं. म्हाळू गाडी घेऊन सीमेच्या अलीकडं परतला, तीन दिवस लॉजवर पुरीभाजी खात बसला, मग गोरखपूरच्या स्टेशनावर जाऊन तिला मागच्या सीटवर घेऊन आला.

खिडकीशी बाबूनं विचारलं, किती दिवस? म्हाळूनं तीन बोटं वर केली.

"आठ," सारजाबाई म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःच्या नोटा काढल्या. "ह्यांना काय इचारता? गाडी माजी हाय."

बाबूनं आठ दिवसांची पावती फाडली. पशुपतिनाथ झाला, डोंगर झाले. सातव्या दिवशी पोखऱ्याच्या तळ्याकाठी पाय पसरून "अजून चार दिस राहू" म्हणणारा मात्र म्हाळूच.

"मुदत टळली की दंड हाय," सारजाबाई म्हणाली. "आन् घरी शेळ्या हायत. उठा, गाडी काढा."

त्यानं काढली.