नंदाची गिटार, माझ्या नावावर

बातमी आली तेव्हा मी बंगळूरच्या जे. सी. रोडवरच्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानात उभा होतो. साधा बुधवार. शाळेत शिकवायला जाताना माझ्या बायकोने, नंदाने, माझ्या खिशात एक पितळी जेट टाकला होता. "हा बदलून आण. ह्याच्याहून एक नंबर लहान. आणि कृपा करून तिथे स्वतःचं डोकं चालवू नकोस!" जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला भोक पाडलेला बारीक स्क्रू. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. इतक्या वर्षांत एवढं मला कळलं होतं.

दुकानदार म्हणाला, "सर, कशात बसवताय?" मी भारदस्त चेहरा करून काहीतरी सांगणार, एवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता. नंदा फळ्यापाशी गणित शिकवताना खाली बसली होती. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतरचे दिवस माणसं येत राहिली. माणूस गेलं की लोक येतात तेव्हा आवाज बारीक असतो, पण कॉफीचा पेला हातात पडला की कुणीतरी म्हणतं, "तुम्हाला आठवतं, त्या दिवशी..." आणि पाठोपाठ दुसरा, तिसरा. दुःखाला किस्से चिकटतातच. आमच्याकडचे किस्से मात्र दोन प्रकारचे निघाले. नातेवाइकांसमोर सांगायचे आणि नातेवाइकांसमोर न सांगायचे. कारण नातेवाइकांच्या लेखी भिंतीवरची काळी इलेक्ट्रिक गिटार माझी होती. खाली उभी असलेली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल माझी होती. आणि नंदा होती हे सगळं सोसणारी बाई.

प्रत्यक्षात मला सायकलची चेनही बसवता येत नाही. मी एका सरकारी कारखान्यात बातमीपत्र लिहितो.

*

हे सुरू झालं ते माझ्या सासऱ्यांमुळे. अप्पा बेळगावचे, हेडमास्तर होते. लग्न ठरताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कॉलेजात हिला गिटारच्या धांगडधिंग्याचा नाद लागला होता. तो आम्ही सोडवला. तिने शब्द दिलाय." नंदा ऐकू येईल इतक्या अंतरावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लाजतेय. हसू दाबत होती!

अप्पा पहिल्यांदा मल्लेश्वरमच्या आमच्या फ्लॅटवर आले, तेव्हा भिंतीवर गिटार आणि बाल्कनीत वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेला कार्ब्युरेटर. अप्पांनी काठीनेच दाखवलं. "हे काय? कोणाचं?"

नंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं."

अप्पा तिच्याकडे वळले. "आणि तू हे चालवून घेतेस?"

"काय करणार अप्पा," नंदा म्हणाली, "पदरी पडलं आणि पवित्र झालं!"

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर अप्पांची बहीण राहते, आत्या. आत्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत बेळगावला पोचते. म्हणून मग "माझं" ते कायमचंच माझं झालं.

*

दर रविवारी आम्ही रघुअण्णाच्या गॅरेजवर जायचो. रघुअण्णाचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरमधलं. त्याच्या मराठीत निम्मी कन्नड. तिथेच नंदाचा अँप्लिफायर ठेवलेला. घरी ती हेडफोन लावून वाजवायची.

बिल्डिंगमधून निघताना गाडी मी चालवायचो आणि नंदा मागे एका बाजूला पाय सोडून, पर्स मांडीवर घेऊन. आत्या गॅलरीतून हात करायची. "सावकाश हो, श्रीकांत! मागे बाई आहे!" मी मान हलवायचो. गल्लीचं वळण गेलं की मी गाडी थांबवायचो, उतरायचो, मागे बसायचो. नंदा पर्स माझ्या मांडीवर टाकायची आणि मग गाडीला खरं कळायचं की आपण काय चीज आहोत.

एकदा ह्याच वळणावर माझ्या ऑफिसचे साहेब भेटले. मी मागे, मांडीवर लेडीज पर्स. साहेब बघतच राहिले. मी म्हणालो, "सर, हिला शिकवतोय."

नंदाने क्लच सोडला. मी जवळजवळ मागेच राहिलो!

*

पिकअप आणायला गेलो तेव्हाची गोष्ट. गिटारच्या तारांखाली जो लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी असते, तो पिकअप. त्याच्यावरच आवाजाचा पोत ठरतो. नंदाला मेटल वाजवायचं, म्हणजे हाय-गेन पिकअप हवा. फाटल्यासारखा दाट आवाज, पण प्रत्येक सूर वेगळा कळला पाहिजे. चाळीशी उलटलेली, कॉटनची साडी नेसलेली गणिताची बाई दुकानात शिरली. विक्रेत्याने तिला खुर्ची दिली आणि मला विचारलं, "बोला सर. मॅडमना भजनासाठी काही छोटं दाखवू?"

नंदा खुर्चीतूनच म्हणाली, "ब्रिजला सिरॅमिक मॅग्नेटचा हवा. आउटपुट भरपूर, पण खालचे सूर चिखल नकोत. मागच्या वेळी इथून नेलेला, तळहाताने तारा दाबून पाम म्यूट केलं की गुदमरायचा."

विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी दोन सेकंद गंभीरपणे विचार केला आणि म्हणालो, "हं. तसंच."

"सरांना बरंच कळतं!" विक्रेता म्हणाला. आणि पुढचा अर्धा तास तो सगळं मलाच समजावत होता. मी हं हं करत होतो. नंदा बिलाकडे बघत होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी बोलायला हवं होतं ना?"

"काय बोलणार होतास?"



*

आमच्यात चौथी केतकी. पुण्याची, इथे महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरमध्ये, बेस गिटार वाजवते. नवा पिकअप बसवला तो रविवार. नंदाने वाजवून दाखवलं. केतकी डोळे मिटून म्हणाली, "ओ माय गॉड, नंदाताई! काय टाइट आहे! जुना किती मडी होता!" रघुअण्णा म्हणाला, "अक्का, हा तर पोटात वाजतो बघा." मला कोणी विचारलं नव्हतं, पण केतकीला विनोद सुचला. "दादा, तुमचं मत?"

"मला काहीच फरक वाटत नाही," मी म्हणालो. सगळे हसले.

नंदा खाली वाकून गिटारकडे बघत होती. गिटारवर दोन पिकअप असतात आणि कुठला वाजवायचा ते ठरवायला एक खटका. तो दुसऱ्याच, न बदललेल्या जुन्या पिकअपवर होता; नवा अजून वाजलाच नव्हता!

केतकी त्यानंतर बराच वेळ बेसच्या तारा पुसत बसली. रघुअण्णाने उगाचच हातोडी शोधायला घेतली. तेव्हापासून तो मला "उस्ताद" म्हणायला लागला आणि मला त्याची जी लाज वाटायची ती त्याला कधीच समजावता आली नाही.

*

कार्ब्युरेटरचा मामला वेगळा. नंदाने रेसिंगचा, मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर बसवला. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त पळणं. तो जुळवायचा म्हणजे गाडी जोरात पळवायची, एकदम बंद करायची, स्पार्क प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी. कॉफीचा रंग आला की जमलं.

एका सकाळी नंदा आणि रघुअण्णा दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, समोर दोन कॉफ्या, आणि नंदाच्या रुमालात गरम प्लग. ती प्लग पेल्याशेजारी धरून बघतेय. रघुअण्णा मान हलवतो, "नाही अक्का. अजून फार काळा आहे. स्वल्प लाइट व्हायला पाहिजे."

काउंटरवरच्या माणसाने निमूटपणे नंदाचा पेला उचलला, त्यात दूध ओतलं आणि परत ठेवला. "सरी, मेडम? ठीक?"

नंदाने प्लग पुन्हा शेजारी धरला. "आता हा रंग लक्षात ठेव," ती रघुअण्णाला म्हणाली. "हाच हवाय!"

*

त्या कार्ब्युरेटरचा आवाज आणि धूर इतका की सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध तक्रार आली. सेक्रेटरींनी कन्नड, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत माझी खरडपट्टी काढली. "शिकलेसवरलेले गृहस्थ तुम्ही! ह्या वयात!" मी उभा राहून ऐकत होतो. बायकांच्या रांगेत आत्याशेजारी नंदा बसलेली.

"तक्रारीच्या बाजूने कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

सगळ्यात आधी हात वर गेला तो नंदाचा!

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, "घरची माणसंसुद्धा कंटाळलीत."

जिन्यात मी तिला विचारलं, "लाज नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे बघितलं नाही."

*

तेराव्याला घर भरलं होतं. रघुअण्णा आणि केतकी दाराजवळ चटईवर बसले होते. आत्याने सगळ्यांसमोर माझा हात धरला. "फार सोसलं हो पोरीने. तो आवाज, तो धूर, ते तेलकट हात. कधी तक्रार नाही. श्रीकांत, आता तरी तो नाद सोड. तिच्यासाठी सोड."

तेलकट हात नंदाचे असायचे. शाळेत जाण्याआधी ती लिंबाच्या फोडीने नखं घासायची.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो आत्या. सोडतो."

रघुअण्णा उठून बाहेर गेला. केतकी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "दादा, सांगा ना त्यांना! तुम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार?"

"आज नको," मी म्हटलं.

"मग कधी?"

मी पानं घ्यायला लागलो.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी रघुअण्णाला किंवा केतकीलाही सांगितलेला नाही.

त्याच संध्याकाळी पाहुणे पांगले. अप्पा आणि मी दोघंच. अप्पांना आता कमी दिसतं, पण कान ठणठणीत आहेत. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "जावईबापू, एक मागू का? एकदा वाजवा."

मला कळेना. अप्पा आणि गिटार!

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "नंदा मला तुमचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवायची. पहिल्यांदा मी तिला रागावलो. म्हटलं, हा कसला गोंगाट. ती म्हणाली, अप्पा, शांतपणे शेवटपर्यंत ऐका, मग बोला. ऐकलं. मग दुसरं मागवलं." ते थोडे ओशाळून हसले. "बेळगावात कोणाला सांगत नाही. हेडमास्तरला शोभत नाही. पण तुमच्या हातात काहीतरी आहे हो. मी पोरीला उगाच थांबवलं असेल, पण मनात येतं, तिला तरी असं कुठे जमलं असतं?"

मी म्हणालो, "अप्पा, माझा हात दुखावलाय."

"असू दे, असू दे. बरा झाला की वाजवा."

मग त्यांनी मोबाइल कानाशी धरून एक रेकॉर्डिंग लावलं. मलाही ऐकू येत होतं. तिची ती जाड, घट्ट सुरुवात, मग वर चढत गेलेला तो लांब सूर, जो तिला बरेच रविवार जमत नव्हता आणि जमला तेव्हा रघुअण्णाने गॅरेजमधले सगळे हॉर्न वाजवले होते. अप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिले. संपल्यावरही मोबाइल कानाशीच.

"रोज ऐकतो," ते म्हणाले. "म्हटलं, कुठेतरी मध्ये ती बोलली असेल. खोकली असेल. निदान 'वा' म्हणाली असेल. एवढी रेकॉर्डिंगं पाठवली पोरीने, पण तिचा आवाज एकातही नाही बघा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "एक मात्र आहे. आयुष्यात माझ्याशी कधी खोटं बोलली नाही."

ते दुसऱ्या दिवशी बेळगावला गेले. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. "जावईबापू, हात कसा आहे?" मी म्हणतो, "अजून थोडा दुखतोय, अप्पा." ते म्हणतात, "घाई नको. मी तुमचं जुनंच ऐकतोय."

ते वाजवणं नंदाचं आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.